गुरपुरब नेमका कधी? शीख कॅलेंडर वाचायला शिकताना

गुरुनानक जयंतीची सुट्टी २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला आली आणि २०२६ मध्ये ती २४ नोव्हेंबरला येते. गुरू गोबिंदसिंगांचं प्रकाश पर्व, म्हणजे जन्मदिवस, २०२५ मध्ये दोनदा आलं, ६ जानेवारीला आणि २७ डिसेंबरला. २०२६ मध्ये ते एकदाही येत नाही. वैसाखी मात्र दरवर्षी एप्रिलच्या १३-१४ तारखेलाच. शीख शेजारी, सहकारी, व्याही असलेल्या किंवा नोकरीसाठी पंजाबात गेलेल्या मराठी माणसाला गुरपुरबांचं, म्हणजे गुरूंच्या स्मरणदिवसांचं, हे सगळं गणित गोंधळाचं वाटतं. खरं तर हे कॅलेंडर समजून घ्यायला मराठी माणसाइतका तयार विद्यार्थी शोधून सापडणार नाही. संक्रांत, शुद्ध-वद्य, अधिक महिना हे शब्द आपल्या घरात रोजचे आहेत. मुहूर्ताची सवय तेवढी बाजूला ठेवावी लागते, आणि ती का, हे पुढे सांगतो.

पहिली पायरी : तारीख सूर्याची की चंद्राची, ते ओळखा

गुरुद्वाऱ्याच्या फलकावर किंवा पंजाबी दिनदर्शिकेत दोन प्रकारच्या नोंदी दिसतात. एक ‘१३ पोह’ अशी, दुसरी ‘कत्तक सुदी २’ अशी. नुसता आकडा आणि महिना असेल तर ती सौर तारीख. सूर्य नव्या राशीत गेला की महिना सुरू, आणि तिथून एक, दोन, तीन असे दिवस मोजायचे. सुदी किंवा वदी हा शब्द आला की ती चांद्र तिथी. सुदी म्हणजे आपला शुद्ध पक्ष, वदी म्हणजे वद्य.

महिन्यांची नावं दोन्हीकडे तीच असल्याने नवा माणूस इथेच फसतो. सौर कत्तक आणि चांद्र कत्तक एकाच दिवशी सुरू होत नाहीत. त्यामुळे नोंद उतरवून घेताना सुदी-वदी हे शब्द गाळू नका. ते गाळले तर तारीख पंधरवड्याने चुकू शकते.

दुसरी पायरी : संगरांद आणि बारा महिने

सौर महिन्याचा पहिला दिवस म्हणजे संगरांद, आपली संक्रांत. आपण मकर संक्रांत तेवढी थाटात साजरी करतो; पंजाबात बाराही संगरांदींना गुरुद्वाऱ्यात गर्दी असते. त्या दिवशी गुरू ग्रंथ साहिबमधल्या ‘बारह माहा’ या रचनेतला त्या-त्या महिन्याचा भाग वाचला जातो. ही रचना गुरू अर्जनदेवांची, राग माझमधली. गुरू नानकांचाही एक बारह माहा आहे, तो राग तुखारीमध्ये. दोन्हींत महिन्यांची वर्णनं पंजाबच्या ऋतूंची आहेत: सावणातला पाऊस, पोहातली थंडी. मन परमेश्वराशी जोडण्यासाठी ऋतूंचा आधार घेतलेला आहे. कॅलेंडरचा पुढचा सगळा वाद समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

२००३ मध्ये स्वीकारलेल्या नानकशाही कॅलेंडरात (त्याची गोष्ट चौथ्या पायरीत) महिन्यांच्या सुरुवाती अशा ठरवल्या आहेत:

चेत – १४ मार्च
वैसाख – १४ एप्रिल
जेठ – १५ मे
हाढ (आषाढ) – १५ जून
सावण – १६ जुलै
भादों – १६ ऑगस्ट
अस्सू (आश्विन) – १५ सप्टेंबर
कत्तक – १५ ऑक्टोबर
मग्घर (मार्गशीर्ष) – १४ नोव्हेंबर
पोह (पौष) – १४ डिसेंबर
माघ – १३ जानेवारी
फग्गण – १२ फेब्रुवारी

पहिले पाच महिने ३१ दिवसांचे, पुढचे सात ३० दिवसांचे, आणि लीप वर्षात फग्गणाला एक दिवस जास्त. ही यादी हाताशी असली की कोणतीही सौर तारीख बोटांवर काढता येते. पोह १४ डिसेंबरला सुरू होतो, म्हणून १३ पोह म्हणजे २६ डिसेंबर. हाढ १५ जूनला सुरू होतो, म्हणून २ हाढ म्हणजे १६ जून.

गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी अमृतसरची शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी आज जी दिनदर्शिका काढते, तिच्यात संगरांद पुन्हा जुन्या बिक्रमी, म्हणजे विक्रम संवताच्या, गणिताने येते. त्यामुळे या यादीत एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो. माघाची संगरांद तिथे आपल्या मकर संक्रांतीबरोबर १४ जानेवारीच्या सुमारास असते.

वर्षाचा आकडा काढणं सोपं आहे. नानकशाही संवत गुरू नानकांच्या जन्मवर्षापासून, १४६९ पासून मोजतात. मार्चच्या मध्यानंतर चालू इसवी सनातून १४६८ वजा करा, त्याआधी १४६९. मार्च २०२६ मध्ये सुरू होणारं वर्ष ५५८.

तिसरी पायरी : सुदी-वदीचं मराठीत रूपांतर

महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, पंजाबात पौर्णिमेला. त्यामुळे पंजाबी महिन्यात वदीचा पंधरवडा आधी येतो आणि सुदीचा नंतर. याचा व्यवहारातला नियम असा: सुदी असेल तर महिना आपलाच, वदी असेल तर आपल्याकडे एक महिना मागे जा.

उदाहरणं घेऊ. गुरू नानकांचं प्रकाश पर्व कत्तकच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला. इथे काही बदलावं लागत नाही. गुरू ग्रंथ साहिबांना गुरगद्दी, म्हणजे गुरुपद, मिळालं ती तिथी कत्तक सुदी २, म्हणजे आपली भाऊबीज. होला महल्ला हा मेळा मात्र चेत वदी १ ला असतो. आपण चैत्रात शोधत बसलो तर सापडणार नाही. आपल्या पंचांगात तो फाल्गुन वद्य प्रतिपदेला आहे. बंदी छोड दिवस कत्तकच्या मस्येला, म्हणजे अमावास्येला. ती वदीचीच शेवटची तिथी असल्याने ती आपली आश्विन अमावास्या, लक्ष्मीपूजनाचा दिवस. गुरू तेगबहादुरांचं प्रकाश पर्व वैसाख वदी ५ ला, म्हणजे आपल्या चैत्र वद्य पंचमीला.

अधिक महिन्याचा परिणाम आपल्यासारखाच होतो. गुरू अर्जनदेवांचा शहीदी पुरब, म्हणजे बलिदानाचा दिवस, जेठ सुदी ४ ला असतो. तो २०२३ मध्ये २३ मेला आला, २०२४ मध्ये १० जूनला, २०२५ मध्ये ३० मेला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने तो थेट १८ जूनवर जातो. आपला गणेशोत्सव ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुढेमागे का होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे निराळं शिकवावं लागत नाही.

चौथी पायरी : समोरचा गुरुद्वारा कोणतं कॅलेंडर मानतो, ते विचारा

ही पायरी मी कुणालाही गाळू देणार नाही, कारण गोंधळाचं खरं मूळ इथे आहे.

पूर्वी सगळीकडे बिक्रमी पंचांग चालत असे. त्याच्या दोन अडचणी होत्या. चांद्र तिथीमुळे एखादं पर्व इंग्रजी वर्षात दोनदा यायचं आणि पुढच्या वर्षी यायचंच नाही. शिवाय बिक्रमीचं सौर वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी मोठं आहे. एका आयुष्यात हा फरक जाणवत नाही, पण साठ-सत्तर वर्षांत तो एक दिवसाचा होतो. १६९९ ची वैसाखी, ज्या दिवशी आनंदपूर साहिबला खालसा पंथ स्थापन झाला, ती आजच्या ग्रेगोरियन मापाने ८ एप्रिलला होती. आज ती १३-१४ एप्रिलला येते. हे असंच चालू राहिलं तर हजारो वर्षांनी सावण पावसाळ्यात राहणार नाही आणि बारह माहातली वर्णनं महिन्यांशी जुळणार नाहीत.

कॅनडात राहणारे पालसिंग पुरेवाल यांनी यावर अनेक वर्षं काम करून नानकशाही कॅलेंडर तयार केलं. त्याचं वर्ष ऋतूंशी बांधलेलं आहे, म्हणून तारखा इंग्रजी कॅलेंडरात स्थिर राहतात. २००३ मध्ये शिरोमणी कमिटीने ते लागू केलं. त्यात गुरू गोबिंदसिंगांचं प्रकाश पर्व ५ जानेवारी, गुरू अर्जनदेवांचा शहीदी पुरब १६ जून, गुरू तेगबहादुरांचा २४ नोव्हेंबर असे दिवस पक्के झाले. गुरू नानकांचं प्रकाश पर्व, होला महल्ला आणि बंदी छोड दिवस या तिन्ही गोष्टी लोकांच्या मनात तिथीशी घट्ट जोडलेल्या असल्याने तेव्हाही तिथीवरच राहिल्या. २०१० मध्ये बदल झाले: संगरांद परत बिक्रमी गणितावर गेली आणि काही मोठी पर्वं तिथीवर आली. पुरेवाल २०२२ मध्ये वारले. त्यांच्या मूळ रचनेला आता ‘मूल नानकशाही’ म्हणतात.

आज स्थिती अशी आहे. अमृतसरची शिरोमणी कमिटी सुधारित कॅलेंडर वापरते. पाकिस्तानातली गुरुद्वारा कमिटी आणि परदेशातले बरेच गुरुद्वारे मूल नानकशाही पाळतात. पाटणा साहिब आणि आपल्या नांदेडचा तख्त (शिखांचं धर्मपीठ) सचखंड श्री हजूर साहिब यांनी २००३ चा बदल स्वीकारलाच नाही. तिथे जुन्या बिक्रमी तिथ्या चालतात.

यातलं बरोबर कोणतं, हे ठरवायला आपण बसू नये. दोन्ही बाजूंना या प्रश्नाबद्दल खोल आस्था आहे. कुणी कॅलेंडरला आपल्या वेगळ्या ओळखीचा आधार मानतं, कुणी परंपरेने आलेली तिथी मोडायला तयार नसतं. पाहुण्याने एवढंच विचारावं: ‘तुमच्याकडे या वर्षी गुरपुरब कधी आहे?’ आणि मिळालेली तारीख लिहून घ्यावी.

पाचवी पायरी : दिवसाचा भाव ओळखा

तारखेइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व याला आहे. गुरपुरब हा शब्द सरसकट वापरतात, पण त्यात निरनिराळे दिवस येतात. प्रकाश पर्व म्हणजे गुरूंचा जन्मदिवस. गुरगद्दी दिवस म्हणजे गुरुपद मिळालं तो दिवस. जोती जोत म्हणजे गुरूंनी देह ठेवला तो दिवस. आणि शहीदी पुरब म्हणजे गुरूंच्या बलिदानाचा दिवस.

प्रकाश पर्वाला ‘गुरपुरब दियां लख लख वधाइयां’ म्हणायचं. शहीदी पुरबाला वधाई देऊ नका. कार्यालयातून दोन्ही दिवशी फुलांचं चित्र आणि शुभेच्छा असा एकच संदेश जातो, तेव्हा समोरच्याला काय वाटत असेल याचा विचार करा. शहीदी दिवशी नमन करावं, स्मरण करावं, जमलं तर सेवेला जावं. गुरू अर्जनदेवांना १६०६ मध्ये लाहोरला, ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या तव्यावर बसवून आणि अंगावर तापलेली वाळू ओतून छळलं गेलं, असं परंपरा सांगते. म्हणून त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर छबील लागते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, त्याचा धर्म न विचारता, थंड गोड सरबत देतात. मे-जूनच्या उन्हात कुणी हात जोडून पेला पुढे करतं, तेव्हा तो घ्या आणि प्या. आग्रह मोडू नका.

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा याहून हळवा. चमकौरच्या लढाईत गुरू गोबिंदसिंगांचे थोरले पुत्र अजितसिंग आणि जुझारसिंग शहीद झाले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना सरहिंदला भिंतीत चिणलं गेलं. त्याच दिवसांत त्यांच्या आजी, माता गुजरी, यांनीही प्राण सोडला. फतेहगढ साहिबला २५ ते २७ डिसेंबरला शहीदी जोड मेळा भरतो. रस्त्यांवर मैलोन्‌मैल लंगर असतात आणि पाळणा-मिठाईवाल्या जत्रेचा सूर तिथे नसतो. अनेक शीख घरांत या दिवसांत लग्नकार्य ठेवत नाहीत. २०२२ पासून केंद्र सरकार २६ डिसेंबर हा वीर बाल दिवस म्हणून पाळतं. पंजाबी मित्राला वर्षअखेरीच्या पार्टीचं आमंत्रण देताना हे दिवस ध्यानात ठेवा. २०२५ मध्ये प्रकाश पर्वाची तिथी नेमकी याच आठवड्यात, २७ डिसेंबरला आली. वडिलांच्या जन्माचा आनंद आणि मुलांची शहादत एकाच वेळी आल्यावर संगतीने मन कुठे लावायचं? ५ जानेवारीची पक्की तारीख हवी म्हणणाऱ्यांचा जीव कशासाठी तुटतो, ते यावरून कळतं.

सहावी पायरी : मुहूर्त शोधू नका

आपल्याला सवय असते, तिथी कळली की ती शुभ की अशुभ हे विचारायची. शीख विचारात दिवस स्वतः शुभ-अशुभ नसतो. तिथी-वारांच्या मागे लागणं हे अज्ञान आहे, असं गुरू अमरदासांनी बाणीत, म्हणजे आपल्या पदांत, स्पष्ट म्हटलं आहे. संगरांदीला गुरुद्वाऱ्यात जायचं ते नव्या महिन्याचा उपदेश ऐकायला, त्या दिवसात काही पुण्य साठलंय म्हणून नाही. पौर्णिमेला आणि मस्येलाही संगत जमते. तरनतारनची मस्या प्रसिद्ध आहे. तिथेही मोल आहे ते सत्संगाचं. उपवास कोणता करायचा, असंही विचारू नका. या वर्षात उपवास नाहीत, लंगर आहे.

सातवी पायरी : वर्षाची चौकट मनात बसवा

सगळे दिवस पाठ करायची गरज नाही. दहा गुरूंचे जन्म, गुरगद्दी, जोती जोत मिळूनच यादी लांबलचक होते. सुरुवातीला ही चौकट पुरे.

मार्चमध्ये होला महल्ला, मुख्य मेळा आनंदपूर साहिबला. निहंग सिंगांची, म्हणजे शस्त्रधारी शिखांची, घोडेस्वारी आणि गतका हा शस्त्रांचा खेळ पाहायचा तर इथेच. एप्रिलमध्ये वैसाखी. पाच प्यारे, म्हणजे खालशाचे पहिले पाच शीख, ज्या दिवशी उभे राहिले तो हा दिवस; त्यांतले भाई साहिबसिंग आपल्या शेजारच्या बिदरचे, हे मराठी वाचकाला माहीत असावं. परदेशात असाल तर वैसाखीचं नगरकीर्तन बहुधा जवळच्या शनिवार-रविवारी निघतं, म्हणून स्थानिक गुरुद्वाऱ्याकडून दिवस पक्का करून घ्या. मे-जूनमध्ये गुरू अर्जनदेवांचा शहीदी पुरब. १ सप्टेंबरच्या सुमारास गुरू ग्रंथ साहिबांचा पहिला प्रकाश, म्हणजे १६०४ मध्ये हरिमंदिर साहिबात (सुवर्णमंदिरात) झालेली ग्रंथाची स्थापना. दिवाळीत बंदी छोड दिवस: गुरू हरगोबिंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून ५२ राजांना सोडवून बाहेर आले, त्याची आठवण. मग कार्तिकी पौर्णिमा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गुरू तेगबहादुरांचा शहीदी पुरब. १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात त्यांचं शीर उतरवलं गेलं, तिथे आज सीसगंज गुरुद्वारा आहे. शेवटी पोहातले शहादतीचे दिवस, आणि माघाच्या संगरांदीला मुक्तसरचा माघी मेळा, चाळीस मुक्त्यांच्या, म्हणजे तिथल्या लढाईत शहीद झालेल्या चाळीस शिखांच्या, स्मरणाचा.

गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला माघाच्या सुरुवातीलाच संत नामदेवांचा मेळा भरतो. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. जानेवारीत पंजाबात असाल तर मुक्तसर आणि घुमान यांपैकी एक तरी जरूर करा, आणि एकच जमणार असेल तर मी घुमान म्हणेन. पंढरीच्या नामदेवांना शेतकरी पंजाबी माणूस ‘बाबा नामदेव’ म्हणून माथा टेकतो, हे पाहायला हवं.

आठवी पायरी : प्रत्यक्ष जाताना

मोठ्या पर्वाआधी गुरुद्वाऱ्यात अखंड पाठ ठेवतात. तो साधारण ४८ तास सलग चालतो आणि पर्वाच्या दिवशी त्याचा भोग, म्हणजे समाप्ती होते. म्हणजे कार्यक्रम दोन दिवस आधीच सुरू झालेला असतो. आधीचे काही दिवस पहाटे प्रभातफेरी निघते, आदल्या दिवशी किंवा आसपास नगरकीर्तन. फक्त एकदाच जाणं शक्य असेल तर भोगाच्या वेळी जा: कीर्तन, अरदास (प्रार्थना), कडाह प्रसाद (शिरा) आणि लंगर हे सगळं एका फेरीत मिळतं. डोकं झाका, चपला बाहेर ठेवा, पाय धुऊन आत जा, प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. लंगरात पंगतीत जमिनीवर बसायचं. पानात घेतलेलं टाकू नका आणि नंतर भांडी घासायला जागा मिळाली तर नक्की बसा.

नांदेडला जाणार असाल तर

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे कॅलेंडर जगताना पाहायचं असेल तर दिवाळीचा आठवडा नांदेडला घालवावा. गुरू गोबिंदसिंग १७०८ मध्ये इथेच जोती जोत समावले आणि त्याआधी त्यांनी ग्रंथाला गुरुपद दिलं. बिक्रमी तिथीने गुरगद्दी कत्तक सुदी २ ला, म्हणजे भाऊबीजेला येते, आणि जोती जोत सुदी ५ ला, आपल्या पांडवपंचमीला. २००८ मध्ये गुरगद्दीची त्रिशताब्दी याच दिवसांत नांदेडला साजरी झाली. दिवाळीच्या सुमारास तख्त स्नान असतं: गोदावरीचं पाणी गागरींतून आणून तख्त धुतात आणि गुरूंची शस्त्रंही त्या पाण्याने स्वच्छ केली जातात. दसऱ्याला आणि होल्याला इथे निघणारा हल्ला, म्हणजे लुटुपुटीच्या चढाईची मिरवणूक, ही तर फक्त पाहायची गोष्ट.

इथल्या तारखा अमृतसरच्या दिनदर्शिकेवरून ठरवू नका. नांदेडच्या गुरुद्वारा बोर्डाकडूनच विचारून घ्या. या दिवसांत यात्री निवास आणि रेल्वे दोन्ही भरलेली असतात, म्हणून मराठी कॅलेंडरात भाऊबीज कधी आहे ते पाहून तिकीट दोन-तीन महिने आधी काढा आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोचा.